कोटेशन देण्याआधी स्टॉपवॉच काढा : टेक्निकल सेल्समध्ये यायचं असेल तर

आमच्या नात्यात माझी ओळख करून देताना "मेकॅनिकल इंजिनिअर आहे" हे मोठ्यानं आणि "सेल्सला असते" हे जरा आवाज खाली करून सांगतात. सेल्स म्हणजे डिझाइनला किंवा प्रॉडक्शनला जागा मिळाली नाही म्हणून पत्करलेलं काम, असा एक समज आहे. मी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात स्क्रू कॉम्प्रेसर (कारखान्याला दाबलेली हवा पुरवणारं मशीन) आणि त्याबरोबरचा सगळा लवाजमा विकते : हवेतलं पाणी काढणारा ड्रायर, फिल्टर, हवेची टाकी म्हणजे रिसीव्हर, पाइपिंग. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीमधल्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे एअरजेट माग, हे माझं गिऱ्हाईक. डिप्लोमा किंवा बीई करून या बाजूला यावं का, आणि यायचं तर कसं, असं विचारणारी मुलं-मुली बरीच भेटतात. त्यांच्यासाठी हे एकदा नीट लिहून ठेवते. कॉम्प्रेसरच्या जागी पंप, बेअरिंग, कटिंग टूल, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) काहीही घाला, कामाची पद्धत फारशी बदलत नाही.

हुद्दे आणि त्यामागचं काम

कंपन्यांमध्ये याची तीन-चार नावं असतात. सेल्स इंजिनिअर टेरिटरी सांभाळतो, ऑर्डर आणतो, पैसे वसूल करतो. ॲप्लिकेशन इंजिनिअर गिऱ्हाइकाची गरज मोजून कोणतं मॉडेल बसेल ते ठरवतो. प्रॉडक्ट मॅनेजर ऑफिसात बसून कोणता माल, कोणत्या किमतीला, कोणत्या उद्योगाला हे बघतो, कॅटलॉग लिहून घेतो आणि पुढचं मॉडेल कसं असावं ते डिझाइनवाल्यांशी भांडून ठरवतो. छोट्या कंपनीत किंवा डीलरकडे हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात असतं. शिकायला तीच जागा चांगली, असं माझं मत.

या धंद्याला आपल्याकडे परंपरा आहे, आणि तीही माझ्याच टेरिटरीतली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. माल चांगला असून भागत नाही, वापरणाऱ्याची शंका कुणीतरी फेडावी लागते. पुढं किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते आधी कारखान्याचंच पत्रक होतं. आज मार्केटिंगवाले ज्याला 'कंटेंट' म्हणतात ते सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर शंभर वर्षांपूर्वी चालू झालेलं होतं.

सुरुवात सर्व्हिसमधून करा

पहिली नोकरी थेट सेल्सची मिळत असली तरी जमलं तर एक-दोन वर्षं सर्व्हिसला काढा. पगार थोडा कमी, कपडे तेलकट, पण जे कळतं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळत नाही. कॉम्प्रेसर लोडवर (हवा देतोय) आहे की अनलोडवर (नुसताच फिरतोय) हे आवाजावरून ओळखता येतं. हवेतलं तेल वेगळं करणारा सेपरेटर चोक झाला की काय होतं, ऑइल बदलायचं टाळलं की एअरएंडची, म्हणजे हवा दाबणाऱ्या स्क्रूच्या भागाची, काय अवस्था होते, हे हातानं उघडून बघितलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात "मशीन ट्रिप होतंय" असे फोन आले की निम्म्या वेळा मशीनचा दोष नसतो. पत्र्याच्या बंद खोलीत कॉम्प्रेसर ठेवलेला असतो आणि तो स्वतःचीच गरम हवा परत ओढत असतो. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज साधारण १ टक्क्यानं जास्त लागते, हा ठोकताळा तिथंच पाठ होतो.

सर्व्हिसमधून आलेल्या माणसाशी मेंटेनन्सवाले वेगळ्या सुरात बोलतात. मी बाई असल्यामुळं सुरुवातीला "साहेब कुठायत?" हा प्रश्न हमखास यायचा. एकदा का कॅनॉपी (मशीनवरचं पत्र्याचं आवरण) उघडून "मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह बघा, तो धरत नाहीये" असं म्हटलं की साहेबांची चौकशी थांबते.

पाठ असायलाच हव्यात अशा गोष्टी फार नाहीत, पण त्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत. माझ्या धंद्यात त्या अशा : १ घनमीटर प्रति मिनिट म्हणजे ३५.३ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). ७ बारला १०० सीएफएमला साधारण १८ किलोवॉट लागतात. डिस्चार्ज प्रेशर १ बारनं खाली आणलं तर वीज ६-७ टक्क्यांनी वाचते. अनलोडवर असलेला स्क्रू कॉम्प्रेसर हवा काहीच देत नाही, तरी फुल लोडच्या पाव ते तृतीयांश वीज खातच असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून मुंबईचं कॅल्क्युलेशन इथं जसंच्या तसं चालत नाही. तुमचा माल दुसरा असेल तर त्याचे असे दहा आकडे शोधून काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मोजल्याशिवाय आकडा देऊ नका

शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं उदाहरण देते. मालकांचा फोन : "मॅडम, हवा पुरत नाही. तीस एचपीचा अजून एक टाकायचाय. बाकी दोघांचे रेट आलेत, तुमचा बेस्ट सांगा."

अशा वेळी बहुतेक जण तासाभरात कोटेशन मेल करतात. मग तिघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले जातात आणि सगळ्यात स्वस्त कोण एवढंच बघितलं जातं. त्या शर्यतीत उतरून तुमच्या इंजिनिअरिंगचा काही उपयोग नाही. मी म्हटलं, "रेट देते साहेब. त्याआधी सुट्टीच्या दिवशी तासभर तुमचा जुना कॉम्प्रेसर चालवायला मिळेल का?"

त्यांच्याकडं ७५ एचपीचा, म्हणजे ५५ किलोवॉटचा कॉम्प्रेसर आधीच होता, अंदाजे ३४० सीएफएमचा. सुट्टीच्या दिवशी मोल्डिंग, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) सगळं बंद. कारखान्यात एकही माणूस हवा वापरत नाही, तरी लाइन भरून कॉम्प्रेसर चालू ठेवला. आता हवा जाईल ती फक्त गळतीतून. मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं आणि किती सेकंद लोड, किती सेकंद अनलोड असे ओळीनं बरेच फेरे लिहून घेतले. सरासरी आली ४५ सेकंद लोड, १०५ सेकंद अनलोड. गळतीचं गणित शाळेतलं आहे : लोडचा वेळ भागिले एकूण वेळ. ४५ भागिले १५०, म्हणजे ३० टक्के. ३४० पैकी १०२ सीएफएम हवा चोवीस तास कुठंतरी फुस्स करून जात होती. ज्या तीस एचपीसाठी कोटेशन मागवलं होतं, त्यातून हवा मिळाली असती सव्वाशेच्या आसपास.

मग साबणाचं पाणी घेऊन लाइन फिरलो. मेंटेनन्सचे जुने फोरमन बरोबर होते, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. फेटलिंगच्या ग्राइंडरचे होज आणि क्विक कपलिंग, लाइनमधलं पाणी आपोआप सोडणारे दोन ऑटो ड्रेन उघडेच अडकलेले, आणि एक मोल्डिंग मशीन कधीचं भंगारात काढलेलं, पण त्याची हवा कुणी बंद केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी काम चालू असताना प्रेशर मोजलं. कॉम्प्रेसरपाशी ७.४ बार, शेवटच्या मोल्डिंग मशीनपाशी ५.८. दीड इंची पाइप आणि कित्येक दिवस न बदललेला फिल्टर. माणसं ज्याला "हवा पुरत नाही" म्हणत होती, त्यातला मोठा भाग हा प्रेशर ड्रॉप होता. तीस एचपी आणून त्याच पाइपला जोडला असता तर जास्त हवा जास्त वेगानं त्याच पाइपमधून गेली असती आणि ड्रॉप आणखी वाढला असता.

रुपयात मांडताना हात आखडता ठेवा

इथं नवशिक्यांचा उत्साह वाढतो. १०२ सीएफएम म्हणजे १८ किलोवॉट, वर्षाचे ६,००० तास, युनिटला समजा ९ रुपये : झाले की पावणेदहा लाख! हा आकडा प्रेझेंटेशनवर छान दिसतो, पण तो खोटा आहे. दोन कारणं. एक, गळती शून्यावर कधीच येत नाही. फाउंड्रीत १० टक्क्यांवर आणून टिकवली तरी खूप. दोन, हा लोड-अनलोड कॉम्प्रेसर आहे. गळती कमी झाली की तो बंद पडत नाही, फक्त जास्त वेळ अनलोडवर राहतो, आणि अनलोडवरही वीज खातो.

म्हणून गणित असं मांडायचं. ५५ किलोवॉटची मोटर फुल लोडला मीटरवर साधारण ६० किलोवॉट ओढते. अनलोडला तीस टक्के धरा, १८. फरक ४२. गळती ३० वरून १० वर आली म्हणजे २० टक्के वेळ लोडवरून अनलोडवर गेला. ४२ च्या २० टक्के म्हणजे ८.४ किलोवॉट. गुणिले ६,००० तास : ५०,४०० युनिट. ९ रुपयांनी साडेचार लाख. आधीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, पण कारखान्याच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरनं क्लॅम्प मीटर लावून तपासलं तरी टिकणारा. दर मात्र स्वतःच्या मनानं धरू नका, गिऱ्हाइकाचं वीजबिल मागून घ्या आणि त्यावरून काढा. बिल मागितलं की समोरच्यालाही कळतं की हा माणूस अंदाजपंचे बोलत नाही.

हेच व्हीएफडी कॉम्प्रेसर विकताना. हवेची मागणी दिवसभर वर-खाली होत असेल तर व्हीएफडी वीज वाचवतो. पण जो कॉम्प्रेसर तिन्ही शिफ्ट फुल लोडवर आहे त्याला व्हीएफडी लावून द्याल तर ड्राइव्हमध्ये जाणारी दोन-चार टक्के वीज गिऱ्हाइकाच्या माथी मारली, इतकंच. ब्रोशरमध्ये हे वाक्य नसतं. ते तुम्ही बोलायचं असतं.

त्या फाउंड्रीत मी तीस एचपी विकला नाही. रिंग मेन पाइपिंग (शेडभोवती गोल फिरवलेली मुख्य लाइन), एक रिसीव्हर, फिल्टर आणि पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी येत होतं म्हणून रेफ्रिजरेशन ड्रायर, एवढं गेलं. महिन्याच्या आकड्यांत ती ऑर्डर फारशी देखणी नव्हती आणि रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्यावरून बोलणं ऐकलं. पुढं त्यांनी नवं शेड घातलं तेव्हा कॉम्प्रेसरचं स्पेसिफिकेशन लिहायला आण्णांनी मला बोलावलं. स्पेसिफिकेशन ज्याच्यासमोर बसून लिहिलं जातं त्याला किमतीवर फार वाकावं लागत नाही. टेक्निकल सेल्समधला खरा नफा मला इथं दिसतो, कोटेशनवरच्या डिस्काउंटच्या रकान्यात नाही.

ऑफरमध्ये काय लिहायचं

दोन पानं पुरतात. पण त्यात हे स्पष्ट हवं : एफएडी (कॉम्प्रेसर प्रत्यक्षात देतो ती हवा) किती आणि कोणत्या प्रेशरला, कोणत्या स्टँडर्डप्रमाणे तपासलेली (आमच्याकडं आयएसओ १२१७), आणि पॅकेजची एकूण इनपुट पॉवर. नुसती मोटरची किलोवॉट लिहिणारे बरेच असतात, पंख्याची आणि मोटरच्या लॉसची वीज मग त्यात येत नाही. एक जण ७ बारला सीएफएम देतो, दुसरा ८ बारला, आणि परचेसवाला दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घालतो. तो तक्ता तुम्हीच करून द्या, प्रतिस्पर्ध्याच्या छापील डेटाशीटवरून, दोघांना समान प्रेशरवर आणून. दुसऱ्याच्या मालाबद्दल वाईट बोलायची गरज पडत नाही.

सप्लायमध्ये काय नाही ते मोठ्या अक्षरात लिहा. फाउंडेशन कुणाचं, केबल कुणाची, गाडीतून मशीन उतरवायला हायड्राचं, म्हणजे क्रेनचं, भाडं कोण देणार. चाळीस लाखांच्या ऑर्डरमध्ये हायड्राच्या चार-पाच हजारांवरून गेटवर तासभर भांडण झालेलं मी बघितलंय. त्याखाली जीएसटी १८ टक्के वेगळा, वाहतूक, डिलिव्हरीचे आठवडे, वॉरंटी, ॲडव्हान्स किती, बाकी डिस्पॅचआधी की नंतर. उशीर झाला तर दंडाचं कलम मोठ्या कंपन्या घालतातच, बहुधा आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच. सही करण्याआधी फॅक्टरीला विचारा की तारीख खरंच पाळणार आहात का. सरकारी किंवा निमसरकारी टेंडर असेल तर दोन लिफाफे असतात, टेक्निकल आणि किमतीचा. टेक्निकलमध्ये चुकून किंमत गेली की बाद.

एकाच कारखान्यात तुमचा कागद चार जण वाचतात हे विसरू नका. मालकाला पैसे किती दिवसांत सुटतील ते हवं असतं. मेंटेनन्सला स्पेअर कोल्हापुरात मिळतील का आणि रात्री फोन उचलणार का, एवढंच विचारायचं असतं. परचेसला आपण काहीतरी कमी करून घेतलं हे वर दाखवायचं असतं, त्यासाठी थोडी जागा ठेवा. अकाउंट्सच्या माणसाला विचारणारं कुणी नसतं, म्हणून त्याला जरूर भेटा. बिल त्याच्याच टेबलावर अडकतं.

मार्केटिंगचा भाग

जिल्ह्याच्या पातळीवर मार्केटिंग म्हणजे होर्डिंग आणि रील नव्हे. माझ्याकडं जे चाललंय ते सांगते. दर ऋतूला मी एक पान मराठीत लिहिते आणि फोरमन लोकांना व्हॉट्सॲपवर पाठवते. जूनमध्ये "लाइनमध्ये पाणी येतंय? नवा ड्रायर घेण्याआधी ऑटो ड्रेन तपासा". मार्चमध्ये "कॉम्प्रेसर रूमला खिडकी कुठं पाडायची". त्यात आमच्या मॉडेलचं नाव शेवटी, बारीक अक्षरात. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून येणारं गुळगुळीत इंग्रजी ब्रोशर फोरमन टेबलाच्या काचेखाली ठेवतो, हे पान तो पुढं पाठवतो.

केस स्टडी लिहिताना आधीचं मीटर रीडिंग आणि नंतरचं रीडिंग, दोन्ही फोटोसकट ठेवा आणि गिऱ्हाइकाची परवानगी घ्या. प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहायची वेळ आली तर व्हिजिटिंग कार्ड गोळा करून काही होत नाही. कार्डाच्या मागं त्या माणसाची अडचण दोन शब्दांत लिहा : "प्रेशर पडतं", "तेल येतंय". आठवड्यानं फोन करताना "सर, आपण भेटलो होतो" यापेक्षा "सर, तेल येणं थांबलं का?" हे केव्हाही बरं. फिरताना कानावर येतं ते प्रॉडक्ट मॅनेजरला लेखी कळवत राहा. फाउंड्रीच्या काळ्या धुळीत आमचा एअर फिल्टर किती दिवसांत भरतो हे डिझाइनवाल्यांना एसी केबिनमध्ये बसून कळणार नसतं. पुढं प्रॉडक्टच्या बाजूला जायचं असेल तर हेच मेल तुमच्या कामाला येतात.

शिक्षण, पगार, मुलाखत

एमबीए लगेच करू नका. आधी फिरा, मग वाटलं तर करा. त्याऐवजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी मॅनेजर-ऑडिटरची परीक्षा द्या. चार पेपर असतात, मॅनेजरसाठी तीन, ऑडिटरसाठी चारही. पात्रतेच्या अटी आधी वाचा, अनुभव लागतो. पुस्तकं ब्युरोच्या साइटवर फुकट आहेत आणि परीक्षा दिली नाही तरी तिसरं पुस्तक वाचाच : मोटर, पंप, पंखे, कॉम्प्रेस्ड एअर सगळं त्यात आहे. एक्सेल नीट यायला हवं. मराठी-हिंदी आहेच, निपाणी-बेळगाव बाजू मिळाली तर मोडकं का होईना कन्नड कामी येतं.

पगारात ठरलेला भाग, फिरण्याचा भत्ता आणि इन्सेंटिव्ह असे तीन तुकडे असतात. मुलाखतीत लाजू नका, विचारा : इन्सेंटिव्ह ऑर्डर बुक झाल्यावर की पैसे जमा झाल्यावर? टेरिटरीत डीलर आहे का, त्याची आणि माझी ऑर्डर वेगळी मोजणार का? आधीचा माणूस का सोडून गेला? जुनी थकबाकी माझ्या नावावर येणार का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा चुळबुळला तर समजून घ्या. मुलींनी आणखी एक विचारावं, मुक्कामाच्या दौऱ्याचा खर्च कोणत्या दर्जाच्या हॉटेलचा मंजूर होतो. हा चैनीचा प्रश्न नाही.

अजून कॉलेजात असाल तर मुलाखतीपर्यंत थांबू नका. ओळखीचं एखादं वर्कशॉप, गॅरेज, पॉवडर कोटिंगचं युनिट शोधा, जिथं कॉम्प्रेसर आहे. मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी वर सांगितलेली गळतीची चाचणी करा. पिस्टनचा छोटा कॉम्प्रेसर असेल आणि तो अनलोड न होता सरळ बंद-चालू होत असेल तर चालू वेळ आणि बंद वेळ लिहा, गणित तेच. त्या वेळी अनलोडची वीज धरायची नाही, हे मात्र लक्षात ठेवा. वीजबिलावरचा दर घेऊन एका पानावर मांडा : काय मोजलं, कसं मोजलं, वर्षाला किती रुपये, दुरुस्तीला किती खर्च. एक प्रत मालकाला द्या, दुसरी बायोडेटाला जोडा.